झाडाची कड राखलेले टेबल : मोताळा परिसरातील घरांसाठी निवडीची प्रस्तावना

ओंडका लांबीने चिरला की मधून निघणाऱ्या जाड फळ्यांना दोन्ही अंगांनी खोडाची मूळ कड राहते. आरागिरणीवर ही कड टाकाऊ समजली जाते. ओंडक्याच्या चारही बाजू उतरवून चौकोन साधणे हे तिथले पहिले काम, आणि उतरलेले तुकडे जळणात जातात. लाइव्ह एज टेबलात हीच कड मुद्दाम राखलेली असते. साल काढून खालचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला जातो, पण खोडाचा बाक, फांदी फुटल्या जागेचा फुगवटा, जुनी जखम भरून आल्याचा खळगा हे सारे टेबलाच्या कडेवर जसेच्या तसे दिसत राहते. एकसारखी दोन टेबले मिळणे त्यामुळे अशक्य असते, आणि दुकानातला नमुना पाहून तसेच दुसरे मागवण्याची सोयही उरत नाही. ग्राहकाला इथे प्रत्यक्षात एक विशिष्ट फळा निवडावा लागतो. टेबल त्यानंतर घडते.

या शैलीला आजचे रूप देणाऱ्या कारागिरांत जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, आणि त्यांच्या घडणीत भारताचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत जन्मलेले, जपानी वंशाचे नाकाशिमा शिक्षणाने वास्तुविशारद होते. वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांच्या कार्यालयातर्फे ते १९३७ मध्ये पाँडिचेरीला आले आणि श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या निवासी इमारतीच्या बांधकामावर त्यांनी काम केले. तिथे आश्रमजीवन स्वीकारल्यावर श्रीअरविंदांनी त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले. अमेरिकेत परतलेल्या नाकाशिमांना १९४२ मध्ये आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत गेंतारो हिकोगावा हे पारंपरिक जपानी सुतार भेटले आणि हत्यारांची खरी शिस्त त्यांच्याकडून मिळाली. पुढे पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथे त्यांनी कार्यशाळा उभारली. भेग पडलेला, गाठीचा, वाकडा फळा त्यांनी बाद ठरवला नाही. भेगेवर लाकडाचीच डमरूच्या आकाराची चीप बसवून तो दोष उघड्यावर ठेवला. १९६४ मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत कामासाठी पुन्हा भारतात आले. ‘द सोल ऑफ अ ट्री’ हे त्यांचे पुस्तक १९८१ चे. आज शहरांतल्या दुकानांत लाइव्ह एज या नावाने जे काही विकले जाते, त्यातल्या बऱ्याच मालाचा या शिस्तीशी संबंध राहिलेला नाही. त्यांनी फळे वर्षानुवर्षे वाळवले. बाजारातला फळा कित्येकदा काही आठवड्यांपूर्वी झाड असतो.

असा फळा मोताळा परिसरात निवडायचा तर आधी हा परिसर पाहावा लागतो. बुलढाण्याच्या पठारावरून राजूर घाट उतरला की मोताळा हे तालुक्याचे ठिकाण लागते. अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याचा हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यात येतो. नळगंगा इथूनच वाहते आणि तिच्यावरचे धरण याच तालुक्यात आहे. डोंगरउतारावर पानझडी जंगल आहे. त्यात साग, अंजन, धावडा, सालई, खैर आढळतात. खाली काळ्या जमिनीच्या बांधांवर, नाल्यांच्या काठाने आणि गावाच्या शिवारात बाभूळ, कडुनिंब, आंबा, चिंच, जांभूळ, शिरीष ही झाडे आहेत. टेबलाच्या दृष्टीने या वर्णनातली दोन तथ्ये निर्णायक ठरतात. पहिले म्हणजे चांगल्या फळ्याचे लाकूड इथल्या शिवारातच उभे असते. दुसरे म्हणजे इथली हवा लाकडाची कठोर परीक्षा घेते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडीठाक होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलसर असते. कोकणातल्या लाकडाला दमटपणा बाराही महिने थोडाफार सोबत करतो. इथे एकाच लाकडाला एका वर्षात दोन टोके पाहावी लागतात.

निवडीचा विचार कडेपासूनच सुरू करावा लागतो, कारण टेबलाला रूप देणारी कड हीच त्याची सर्वांत नाजूक जागा असते. खोडाच्या आतला गडद गाभा झाडासाठी आधाराचे काम करतो. त्यात राळ, टॅनिन, तेलकट द्रव्ये साठलेली असतात आणि बुरशी-किडींना ती मानवत नाहीत. त्याभोवतीचे फिकट लाकूड जिवंतपणी पाणी वाहून नेते आणि पिष्ट साठवते. हे पिष्ट लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे अन्न आहे. चौकोनी टेबलात सुतार हे पांढरे लाकूड शक्य तेवढे काढून टाकतो. लाइव्ह एज टेबलात ते काढले तर कडच जाते. सागाचा गाभा टिकाऊ म्हणून प्रसिद्ध आहे, पण सागाच्या कडेचे पांढरे लाकूड तितके टिकाऊ नसते. ‘साग आहे, कीड लागणार नाही’ ही दुकानातली खात्री कडेपुरती खोटी आहे.

म्हणून फळ्यावर प्रक्रिया काय झाली, हा प्रश्न लाकूड कोणते याआधी विचारावा. घरातल्या वापरासाठी बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणाची प्रक्रिया सोयीची असते. लाकूड ओले असतानाच दिली तर द्रावण आत झिरपत जाते. पावसात हे क्षार धुपून जातात, त्यामुळे उघड्या अंगणातल्या टेबलाला या प्रक्रियेचा भरवसा नाही. दुसरा उपाय उष्णतेचा. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की लाकडाच्या मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान पोहोचून ते ३० मिनिटे टिकले पाहिजे. भट्टीत नीट वाळवलेल्या फळ्याला बहुधा याहून जास्त उष्णता मिळालेली असते आणि आतली अंडी-अळ्या मरतात. मात्र नंतर पुन्हा लागण होऊ शकते. कीड ओळखण्याची साधी खूण म्हणजे कडेवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आणि त्याखाली पिठासारखा बारीक भुसा. भोके जुनी असू शकतात. म्हणून फळा झटकून रात्रभर काळ्या कागदावर ठेवावा आणि सकाळी ताजा भुसा पडला आहे का ते पाहावे. पडला असेल तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी तो फळा घरात आणू नये, कारण कीड तिथून दरवाजाच्या चौकटीपर्यंत जाते.

साल राखलेली टेबलेही विकायला असतात. वाळताना साल आणि लाकूड वेगवेगळ्या मापाने आकसतात, त्यांची पकड सुटते आणि काही महिन्यांत साल ठिकठिकाणी निघू लागते. भुंगेरे लपतात तेही सालीखालीच. जेवणाच्या टेबलाला साल नकोच.

पुढचा विषय ओलाव्याचा, आणि या परिसरात सगळ्यात जास्त टेबले बिघडतात ती इथेच. ताज्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असू शकते. पेशींच्या पोकळीतले पाणी आधी उडते, तोवर लाकडाचे माप बदलत नाही. ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतीतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. हे आकसणे सगळीकडे सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. रुंदीत मात्र भरपूर, आणि त्यातही वार्षिक वलयांच्या कडेकडेने ते वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट असते. सागासारखे स्थिर लाकूडही पूर्ण ओले ते पूर्ण कोरडे होताना वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि आडव्या छेदात सुमारे २.५ टक्के आकसते.

वाळल्यावर लाकूड थांबत नाही, हवेशी देवाणघेवाण करतच राहते. मोताळ्यासारख्या ठिकाणी मे महिन्याच्या हवेत उघडे लाकूड पुरेसा वेळ राहिले तर त्याचा ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास येईल. भर पावसाळ्यात तो १५ टक्क्यांच्या पुढे जाईल. ९० सेंटिमीटर रुंदीचा सागाचा फळा हा संपूर्ण फरक सोसू लागला तर त्याची रुंदी १८ मिलिमीटरच्या घरात कमी-जास्त होईल. प्रत्यक्षात जाड फळा हळू प्रतिसाद देतो, पॉलिश त्याला आणखी मंदावते आणि ऋतू बदलतो तोवर अर्धेच अंतर कापलेले असते. तरीही ओलाव्यातला ४ टक्क्यांचा फरक गृहीत धरावाच लागतो. त्याचा अर्थ ७ ते ८ मिलिमीटरची हालचाल, दरवर्षी, जाऊन-येऊन. पायांची लोखंडी चौकट फळ्याला घट्ट आवळून टाकली असेल तर ही हालचाल कुठेतरी वाट काढतेच. एकतर फळा फाटतो, नाहीतर बाकतो.

फळा किती वाळला हे हाताला किंवा डोळ्याला कळत नाही. वरून खडखडीत वाटणारा ५ सेंटिमीटर जाडीचा फळा मध्यभागी ओला असू शकतो. ओलावामापक यंत्र आता आवाक्यातले झाले आहे. ते घेऊन फळ्याच्या दोन्ही टोकांपासून दूर, मध्यावर, दोन्ही बाजूंनी नोंद घ्यावी. या भागातील घरासाठी ८ ते १२ टक्के ओलावा योग्य धरावा. यंत्राच्या टाचण्या उथळ रुततात, म्हणून जाड फळ्याची नोंद पृष्ठभागापुरतीच खरी असते. अधिक खात्रीची जुनी रीत अशी : त्याच ओंडक्याचा छोटा तुकडा वजन करून घ्यावा, भट्टीत वजन उतरणे थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा तोलावा. १२० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला तर ओलावा २० टक्के. अशा लाकडाचे टेबल करू नये. लाकूड वाळवणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि वेगवेगळ्या हवामानासाठी ओलाव्याच्या मर्यादा ठरवणे यांसाठी भारतीय मानके आहेत. ओलाव्याच्या मर्यादांचे मानक आय.एस. २८७ या क्रमांकाचे, आणि त्यात देशाचे हवामानानुसार विभाग पाडलेले आहेत. मोठ्या रकमेची मागणी नोंदवताना पावतीवर ओलाव्याचा आकडा लिहून घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते.

हवेवर वाळवण्याचा ठोकताळा दर इंच जाडीला एक वर्ष असा आहे. इथल्या कोरड्या हवेत लाकूड याहून लवकर वाळते, पण घाई हाच इथला धोका आहे. उन्हाळी झळांत वरचा थर आत ओलावा असतानाच आकसतो आणि फाटतो. बाभूळ, चिंच, अंजन यांसारखी जड लाकडे या बाबतीत फार हट्टी आहेत. ती पावसाळ्याच्या तोंडाशी चिरली तर पहिले महिने ओलसर हवेत हळू वाळतात आणि भेगा कमी पडतात. आंब्याचे उलट आहे. पावसाळ्यात चिरलेल्या आंब्याला बुरशी आणि कीड दोन्ही पटकन लागतात, म्हणून तो हिवाळ्यात चिरून लगेच प्रक्रियेला घ्यावा. फळे छपराखाली, जमिनीपासून वीतभर वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचावेत. पट्ट्या एकाखाली एक याव्यात, नाहीतर वजनाने फळा वाकतो. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जाते, त्यामुळे दोन्ही टोकांना मेण किंवा रंग फासणे अत्यंत गरजेचे असते. आरागिरणीत रचलेला माल पाहताना टोके फासलेली आहेत की नाहीत यावरून मालकाच्या कामाची कल्पना येते.

आता जातींकडे वळता येईल. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला १०० धरून इतर लाकडांचे गुण मांडले. सागाइतके सर्वगुणी लाकूड दुसरे नाही हे त्यामागचे कारण, आणि ते आजही खरे आहे. साग फारसा हलत नाही, हत्यारांना वश होतो, त्याचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो म्हणजे मध्यम असते. विदर्भाला उत्तम सागाची परंपरा आहे. मेळघाटचा साग परतवाड्याच्या आगारात येतो, चंद्रपूर-गडचिरोलीचा बल्लारपूर आणि आलापल्लीत. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान रवाना झाले होते. पण लाइव्ह एज टेबलासाठी सागाची एक अडचण आहे. शेतातला, लागवडीतला तरुण साग घेराने लहान असतो आणि त्यात पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा असतो. ७५ सेंटिमीटर रुंद फळा एकाच खोडातून देणारा साग म्हातारा असतो, दुर्मीळ असतो आणि महाग असतो. दोन फळे मध्ये जोडून बाहेरच्या दोन कडा नैसर्गिक ठेवणे हा सागाच्या बाबतीत शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात फसवणूक नाही, फक्त विक्रेत्याने तसे सांगितले पाहिजे.

बाभळीकडे घरातल्या फर्निचरसाठी कुणी फारसे पाहत नाही, आणि ही उपेक्षा अनाठायी आहे. बैलगाडीची चाके, वखर, तिफण, नांगर यांसाठी वऱ्हाड-खानदेशातल्या सुतारांनी पिढ्यानपिढ्या बाभूळच वापरली, कारण ती धक्का सोसते आणि झिजत नाही. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आल्यावर हे काम संपत गेले आणि बांधावरची जाड बाभूळ जळणाच्या भावाने जाऊ लागली. तिचा गाभा तांबूस-तपकिरी असतो, कडेचे लाकूड साय घातल्यासारखे पिवळट-पांढरे, आणि दोन्हींमधली रेघ ठळक असते. नैसर्गिक कडेच्या टेबलात हाच रंगभेद खुलून दिसतो. वजन घनमीटरला ८०० किलोच्या आसपास. खोड बहुधा सरळ नसते आणि लांब फळा क्वचितच मिळतो, पण चार माणसांच्या टेबलाला, बैठकीतल्या बुटक्या टेबलाला किंवा बाकाला बाभूळ फार चांगली. तिच्यातल्या टॅनिनमुळे लोखंड लागल्या जागी लाकूड निळे-काळे पडते. म्हणून स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

चिंचेचे लाकूड याहून जड. तेलघाण्याचे भाग, मुसळे आणि खाटकांचे ठोकळे यांसाठी ते वापरले गेले. जुन्या झाडात जांभळट-तपकिरी गाभा लहान आणि वेडावाकडा असतो, भोवती पिवळसर लाकूड भरपूर असते. करवतीला ते जेरीस आणते, पण त्याची रेषा इतर कशात सापडत नाही. कडुनिंबाचे दोरे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे रंधा मारताना पृष्ठभाग उचकटतो. घासकाम जास्त लागते. किडीला मात्र तो दाद देत नाही. शिरीष या कामासाठी जणू मुद्दाम वाढला असावा इतका योग्य आहे : रुंद खोड, गडद तपकिरी गाभा, फिकट रुंद कड आणि सागाच्या जवळपास वजन. रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या वर्षावृक्षाचे लाकूड हलके आणि वाळताना स्थिर असते. हे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. जगाच्या बाजारात मोठ्या लाइव्ह एज टेबलांसाठी त्याच्या फळ्यांना मोठी मागणी असते, आणि इंडोनेशियातून ‘सुआर’ या नावाने ते विकले जातात.

आंबा सर्वांत स्वस्त आणि रुंदीने सर्वांत उदार. जुन्या रायवळ आंब्याचे खोड एका फळ्यात पूर्ण टेबल देते. रंग फिकट, कधी त्यात बुरशीने काढलेल्या काळ्या रेषांची नक्षी. दोष एकच आणि मोठा : प्रक्रियेशिवाय आंबा टिकत नाही. प्रक्रिया झाली असेल तर मध्यम खर्चाच्या घराला आंब्याइतका चांगला पर्याय नाही. अंजन हे देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी आहे. खांब आणि तुळयांसाठी ते ठीक, पण टेबलाच्या फळ्याला त्याचे वजन आणि फाटण्याची खोड दोन्ही आड येतात. निलगिरी वाळताना पिळवटते. वड, पिंपळ, उंबर श्रद्धेने तोडले जात नाहीत आणि त्यांचे मऊ लाकूड टेबलाच्या उपयोगाचेही नाही.

फळा कुठून आला याची चौकशी कायद्यासाठीही करावी लागते. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, तिवस ही झाडे आहेत. स्वतःच्या शेतातले असले तरी यांपैकी झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. नागरी भागासाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. लाकूड हलवताना वाहतूक परवान्याचे नियम लागू होतात, आणि त्यांचा पाया १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात आहे. कोणत्या जातीला कोणत्या भागात सूट आहे हे वेळोवेळी बदलते, त्यामुळे वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारणे सर्वांत सोपे. बुलढाणा-खामगावच्या डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य आहे आणि तिथल्या पडलेल्या झाडालाही हात लावता येत नाही. कायद्याच्या पलीकडेही एक विचार आहे. रुंद फळा हवा म्हणून उभे झाड पाडणे या कोरडवाहू मुलखात समर्थनीय नाही. वादळाने उन्मळलेली, वाळलेली, रस्तारुंदीत परवानगीने काढलेली झाडे पुरेशी असतात, आणि तीच सध्या वखारीत तुकडे होऊन चुलीत जातात.

बांधावरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांत खिळे, तारा, जुने आकडे रुतलेले असतात. झाड त्यांच्यावरून वाढत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यावर आरीचे पाते तुटते. चिरण्याआधी धातुशोधक फिरवणे हाच उपाय. फळ्यावरचे निळे-काळे डाग बहुधा अशाच लोखंडाचे असतात. ते दिसायला कुणाला आवडतात, कुणाला नाही, पण लाकडाचे त्याने काही बिघडत नाही.

भेगांचे तसे नाही. खोडाच्या मध्यातली मऊ भेंड ज्या फळ्यात पूर्ण आली आहे तो फळा फाटणारच, कारण तिच्याभोवती वलये पूर्ण गोल असतात आणि आकसायला त्यांना जागा नसते. टोकाकडून पाहून भेंड ओळखता येते, आणि शक्यतो तिच्या बाजूचा फळा निवडावा. वलये टोकाशी जितकी उभी दिसतात तितका फळा स्थिर. टोकाची लहान भेग वाळण्याच्या सुरुवातीची असेल आणि वाढणे थांबले असेल तर ती डमरूच्या आकाराची चीप बसवून बांधता येते. चिपेचे दोरे भेगेला आडवे असावेत आणि ती फळ्याच्या निम्म्या जाडीपर्यंत तरी जावी. वरवर डकवलेली चीप केवळ शोभेची.

भेगेत किंवा दोन फळ्यांच्या मधल्या जागेत रंगीत इपॉक्सी ओतलेली टेबले सध्या फार चालतात. लहान पोकळी भरायला इपॉक्सी उत्तम आहे. रुंद पट्टा ओतायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. साधारण इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि पत्र्याच्या छपराखाली, खिडकीतून येणाऱ्या उन्हात किंवा गरम पातेल्याखाली हे तापमान सहज गाठले जाते. शिवाय उन्हाने ते पिवळे पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाकूड हलते आणि इपॉक्सी हलत नाही. फळा ओला असताना ओतलेले इपॉक्सी पहिल्या उन्हाळ्यात कडेपासून सुटते. लाकडाची भेग पुढे दुरुस्त करता येते, सुटलेल्या इपॉक्सीची दुरुस्ती करणारा कारागीर तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही.

मापांचे गणित सोपे आहे. एका माणसाला बसायला ६० सेंटिमीटर रुंदी लागते, म्हणून सहा जणांना १८० सेंटिमीटर लांबी. उंची ७५ सेंटिमीटर. नैसर्गिक कडेमुळे रुंदी जागोजागी वेगळी असते. सर्वांत अरुंद जागी ७५ सेंटिमीटर भरली तर समोरासमोर दोन ताटे आणि मध्ये भांडी बसतात. मागे खुर्ची सरकवायला भिंतीपर्यंत ९० सेंटिमीटर मोकळे हवेत. १८० बाय ८० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर जाडीचा फळा सागाचा असेल तर ४७ किलो भरतो, बाभळीचा ५८ किलो. दरवाजा, जिना आणि वळण यांची मापे घेऊनच फळा ठरवावा.

पाय लाकडी असोत की फॅब्रिकेशनच्या दुकानातून वेल्डिंग करून आणलेले लोखंडी, फळ्याला हलायला जागा राहिली पाहिजे. त्यासाठी चौकटीतली भोके फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट कापून घ्यावीत आणि स्क्रूखाली चकती घालून तो बेताने आवळावा. मधले भोक गोल, कडेची लांबट, म्हणजे हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते. फळ्याच्या खालून आडवी खाच पाडून लोखंडी चॅनेल बसवला तर फळा सपाट राहायला मदत होते, पण त्याचीही भोके लांबटच हवीत. जोडणी हिवाळ्यात केलेली बरी. तेव्हा लाकूड वर्षातल्या दोन टोकांच्या मध्यावर असते.

शेवटचा थर, म्हणजे पॉलिश, घराच्या सवयी पाहून ठरवावा. चपड्याचे पॉलिश सुंदर दिसते, पण गरम भांड्याचा पांढरा डाग घेते. जवसाच्या तेलाचा हात जुना आणि घरच्या घरी देण्यासारखा. लाकडाचा रंग त्याने खोल होतो आणि खरवड पडल्यास तेवढ्याच जागी पुन्हा तेल लावता येते. कच्चे तेल वाळायला आठवडे घेते, म्हणून उकळलेले वापरावे. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, उन्हाळ्यात तर अधिक सहज. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा सुट्या पसरून वाळवाव्यात. हळद, तिखट आणि तेल यांचा रोजचा वावर असलेल्या टेबलाला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर अधिक सोयीचा, विशेषतः आंब्यासारख्या फिकट लाकडाला. उघड्या लाकडावर बसलेला हळदीचा डाग पुसून जात नाही, मात्र उन्हात ठेवल्यास फिकट होतो. कोणताही थर वर आणि खाली, टोकांसह, सारखाच द्यावा. वरून तीन हात आणि खालून कोरडे लाकूड असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गतीने ओलावा घेतात आणि फळा वाटीसारखा बाकतो.

घरात आणल्यावर पहिल्या वर्षी टेबलाची जागा सांभाळावी लागते. विदर्भातला कूलर खोलीची हवा ओली करतो. त्याच्या थेट झोतात ठेवलेल्या टेबलाची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहते. टेबल झोतापासून दूर, थेट उन्हापासून बाजूला ठेवावे. मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर पायांचे स्क्रू पाहावेत, भोकांत ते कुठे सरकले आहेत ते तपासावे आणि अडले असतील तर सैल करून पुन्हा बसवावेत. कडेवर बोट फिरवून भुसा पडतो का तेही त्याच वेळी पाहावे. तेलाचा हात दिलेला असेल तर वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांत, तो पुन्हा द्यावा.